नऊ डोळ्यांचा मणी

एका राज्यात ढग माणसांच्या पायाखालून चालत. त्यामुळे पाऊस नेमका कोणावर पडतो, हे तिथल्या लोकांना कधी नीट कळले नाही. राज्य उंच होते, थंड होते आणि फार जुने होते. राजाचे नाव रिगझिन. वय चोवीस, स्वभाव हसरा, आणि गळ्यात नऊ डोळ्यांचा मणी.

हा मणी म्हणजे साधा दगड नव्हे. काळसर तपकिरी अंगावर दुधासारखे पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधून रोखून पाहणारे गोल डोळे. त्या देशात अशा मण्याला झी म्हणत, म्हणजे तेज. हे मणी मुळात किडे होते. जमिनीखाली सरपटत, कधी उन्हाला वर येत, आणि माणसाचे अंगावरचे वस्त्र त्यांच्यावर पडले की जागच्या जागी दगड होत. दोन डोळ्यांचा मणी नवराबायकोचे भांडण झेली, तीन डोळ्यांचा घरावरची आग झेली, आणि नऊ डोळ्यांचा मणी धारकाचे मरण झेली. कोणी आजारी पडला तर वैद्य जुना मणी खरवडून चिमूटभर पूड चाटवी. म्हणून त्या देशातल्या प्रत्येक आजीच्या मण्याला दोनचार ठिकाणी खळगे असत, आणि ते खळगे ती अभिमानाने दाखवी.

एकदा राजा खालच्या खोऱ्यात उतरला. लाखेच्या बांगड्या करणाऱ्याच्या दारात त्याने घोड्याला पाणी पाजले. बांगडीवाल्याची मुलगी यांचेन भट्टीपाशी बसून लाख ओढत होती. राजाने तिच्याकडे दोनदा पाहिले. तिने एकदाच पाहिले, पण नीट. महिन्याभरात लग्न ठरले. राजाने तिला का निवडले हे राजवाड्यात कोणाला कळले नाही. तिलाही कळले नाही, पण तिला कोणी विचारलेही नाही.

वरात वर चढत असता बर्फाच्या पुलावर राजाचा घोडा घसरला. राजा छातीवर आपटला, तोही टोकदार खडकावर. सगळ्यांनी डोळे मिटले. राजा मात्र कपडे झटकत उठला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. “शुभ झाले, शुभ झाले,” असे म्हणत वरात पुढे निघाली.

संध्याकाळी विधीला बसताना यांचेनने एक गोष्ट पाहिली. सकाळी राजाच्या गळ्यातला मणी उघडा होता. आता मण्याच्या कमरेभोवती सोन्याचा रुंद वेढा होता. तिला वाटले, इथली रीत असेल. नव्या सुनेने पहिल्याच दिवशी काय काय विचारायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा प्रधानाला म्हणाला, “आत्याबाई, गुडघे कसे आहेत?” प्रधानाची दाढी पोटापर्यंत होती. तो म्हणाला, “बरे आहेत, पण मीठ जरा जास्त झाले,” आणि स्वयंपाक्याला मुजरा करून निघून गेला. स्वयंपाक्याने मुजरा घेतला आणि दोन शेतांचा तंटा निकालात काढला. सेनापती दासींच्या घोळक्यात बसून लोकर विंचरू लागला. यांचेन खाली मान घालून सगळे पाहत होती. ती मनात म्हणाली, मोठी घरे, मोठ्या रीती. असेच बोलत असतील. आपण हळूहळू शिकू.

तिने शिकायला सुरुवातही केली. तिसऱ्या दिवशी प्रधान समोर आला तेव्हा तिने वाकून विचारले, “आत्याबाई, पाय चेपू का?” प्रधान म्हणाला, “नको, नुकतेच अंडे घातले आहे.” तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली.

मग राजा आला. तिच्यासमोर थांबला, अदबीने हात जोडले आणि म्हणाला, “बाई, आपण कोणाकडे आल्या आहात? फार वेळ उभ्या आहात, कोणी बसायला दिले नाही का?”

यांचेननेही हात जोडले. ती म्हणाली, “मी वाट पाहते आहे.”

“कोणाची?”

“तेच विचारायचे होते.”

राजा हसला आणि तिला स्वतःची गादी देऊन निघून गेला.

आता त्या देशाची एक रीत ऐका. खाली खोऱ्यात बायको नवऱ्याचे नाव घेते. वर राजवाड्यात उलटे. लग्नाच्या नवव्या दिवशी नवी राणी भर दरबारात राजाला लोणी-मिठाचा चहा देते, आणि राजा तो पिऊन सर्वांदेखत तिचे नाव घेतो. नाव घेतले की ती राणी. नाही घेतले, तर सूर्य मावळायच्या आत तिने आली त्या वाटेने परत जायचे. आणि जो राजा आपल्या बायकोला ओळखत नाही त्यानेही मुकुट खाली ठेवायचा. असा प्रसंग कधी आला नव्हता, म्हणून रीत बदलायचे कोणाला सुचले नव्हते.

यांचेन सासूकडे गेली. राजमाता देचेन खिडकीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

“आईसाहेब, महाराज मला ओळखत नाहीत.”

“नवीन आहेस, सूनबाई. होईल सवय.”

“ते प्रधानजींनाही आत्या म्हणतात.”

“प्रधान तेनझिन म्हातारे झाले आहेत. स्वयंपाक्या लोब्सांगही थकला आहे. दिवसच असे आले आहेत.” माळ भरभर फिरू लागली. “तू फार पाहत जाऊ नकोस.”

यांचेन बाहेर आली आणि जिन्यावर थांबली. सासूबाईंनी प्रधानाला प्रधान म्हटले होते, स्वयंपाक्याला स्वयंपाक्या. साऱ्या राजवाड्यात तेवढ्याच जिभेवर गोंधळ नव्हता. आणि समोरून राजा गेला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले, पायाकडे पाहिले, पण गळ्याकडे पाहिले नाही. हे सगळे तिने पाहिले; अर्थ मात्र लागला नाही.

राजवैद्य कोटाच्या बाहेर राहत असे, म्हणून तो शुद्धीत होता. यांचेनने त्याला गाठले.

“वैद्यबुवा, हा आजार आहे की इथली रीत?”

वैद्याने कपाळाला हात लावला. “मुली, तीन दिवसांत हे विचारणारी तू पहिली. हा शाप आहे. कोणी दिला, कळत नाही. उतारा एकच: चिरलेल्या नऊडोळी मण्याची पूड, गरम चहातून महाराजांना; ते शुद्धीवर आले की सारा राजवाडा येईल.”

“महाराजांच्या गळ्यात आहे ना नऊडोळी?”

“तो अखंड आहे. शापावर अखंड मणी चालत नाही. शिवाय राजमाता म्हणतात, लग्नानंतर नऊ दिवस राजाच्या गळ्याला वैद्याने हात लावायचा नाही, अशी रीत आहे.”

“ही रीत किती जुनी?”

वैद्याने बोटांवर मोजले. “परवाची असावी.”

मग तो म्हणाला, “उत्तरेला बोडक्या डोंगराच्या पोटात एक मांत्रिक राहतो. फुटक्या मण्यांना मूठमाती देणे हे त्याचे काम. त्याच्याकडे असला तर असेल. तो फुकट काही देत नाही; तीन कामे सांगतो.”

“तीनच का?”

“दोन सांगितली तर लोक लवकर परत येतात.”

चौथ्या दिवशी यांचेन निघाली. निघताना माहेरून आणलेल्या बांगड्या ज्या जुन्या फडक्यात बांधल्या होत्या ते फडके तिने कमरेला गुंडाळले. बाकी अंगावर सगळे नवे होते, कडक होते, आणि चालताना करकर वाजत होते.

वाटेत खडकावर लाल चोचीचा कावळा बसला होता.

“ए नवरी,” कावळा म्हणाला, “माहेरी पळतेस होय? माहेर खाली आहे.”

“मांत्रिकाकडे जाते आहे.”

“मग डावीकडे वळ. आणि जरा कमी वाज. तुझ्या शालूने माझी झोप मोडली.”

ती डावीकडे वळली. कावळा वर उडत आणि नावे ठेवत चालला, आणि सहाव्या दिवशी दुपारी दोघे बोडक्या डोंगरापाशी पोचले. डोंगराला दार होते. दारात मांत्रिक बसला होता. त्याच्या पापण्या दगडाच्या होत्या; त्या उचलायला त्याला दोन्ही हात लागत.

“काय हवे?”

“चिरलेला नऊडोळी मणी.”

“तीन कामे.”

“सांगा.”

मांत्रिकाने तिच्यापुढे मण्यांचा ढीग ओतला. “सूर्य या फटीतून त्या फटीपर्यंत जाईल तोवर खरे-खोटे वेगळे कर.”

यांचेन मांडी घालून बसली. काचेचे मणी तिने उजेडात धरले. आत बुडबुडे होते, बाजूला केले. हाडाचे मणी जिभेला चिकटले, बाजूला केले. उरलेले एकेक गालाला लावून पाहिले. खरा दगड गार होता आणि गारच राहिला. त्याच्या भोकाच्या कडा दोऱ्याने झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या. शेवटी एक मणी उरला. गार होता, जुना होता. पण तिने त्यावर श्वास सोडला आणि तिला बापाची भट्टी आठवली. तो तिने दोन ढिगांच्या मध्ये ठेवला.

मांत्रिकाने हातांनी पापण्या उचलल्या. “हा खरा की खोटा?”

“मणी खरा आहे. जोड खोटी आहे. फुटला होता, कोणीतरी लाखेने चिकटवला आहे. ऊब मिळाली की लाख वासाने बोलते.”

मांत्रिकाने हात खाली घेतले. पापण्या पडल्या. “दुसरे काम. मागच्या उतारावर जिवंत मणी उन्हाला येतो. तो धरून आण.”

सातव्या दिवशी यांचेन उतारावर जाऊन बसली. दुपारी माती हलली आणि बोटाएवढा किडा बाहेर आला. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, पाठीवर नऊ डोळे. नऊही डोळ्यांनी त्याने तिच्याकडे पाहिले. तिने अंगावरची शाल टाकली. किडा शालीखालून सरळ चालत बाहेर आला. तिने ओढणी टाकली. किडा ओढणीवरून चालत गेला.

“अगं वेडे,” कावळा ओरडला, “नव्या कपड्याला माणसाचा वास कुठला? त्याला वाटते दुकानच अंगावर पडले!”

यांचेनने स्वतःकडे पाहिले. डोक्यापासून पायापर्यंत सासरचे, कोरे. तिची म्हणावी अशी एकच वस्तू अंगावर होती. तिने कमरेचे फडके सोडले, लाखेच्या डागांचे, आईच्या हातचे, तिने दहा वर्षे हात पुसलेले, आणि हळूच टाकले. किडा थांबला. फडक्याखाली टक् असा आवाज झाला. तिने उचलले तेव्हा हातात दगड होता, अजून थोडा कोमट.

आठव्या दिवशी पहाटे ती मांत्रिकापुढे उभी राहिली. त्याने एक घण दिला. “तिसरे काम. हा फोड.”

यांचेनने मणी खडकावर ठेवला आणि घण मारला. घण उडाला. पुन्हा मारला. खडकाला तडा गेला, मण्याला नाही. पाच घाव घातले, सहा घातले. तिचे हात सोलले. उद्या नववा दिवस. राजवाड्यात चहा उकळेल, आणि राजा तिला विचारील, बाई, आपण कोणाकडे आल्या आहात. तिला रडू आले. का रडू येते आहे हेही नीट कळेना; त्या माणसाशी तिची ओळख ती किती? एकदा पाहिलेला, एकदा गादी दिलेली. तरी आले.

तिने घण खाली ठेवला.

“मला कळत नाही,” ती म्हणाली. “हा फुटत का नाही?”

तेव्हा मांत्रिक उभा राहिला. त्याच्या पापण्या आपोआप वर गेल्या. “तीनशे वर्षांत लोक आले आणि घण मारून मेले. विचारले कोणी नाही. विचारणे हेच तिसरे काम. ऐक. मणी घणाने फुटत नाही. धारकावरचा घाव स्वतः झेलला तरच फुटतो. म्हणून चिरलेला मणी अपशकुनी नसतो. त्याने आपले काम केलेले असते. त्याची पूड करून आधी धारकाला द्यावी, उरला भाग मातीला द्यावा. आता माग. पण नऊडोळी चिरलेला माझ्याकडे एकही नाही.”

यांचेनने काही मागितले नाही. तिच्या डोळ्यांपुढे बर्फाचा पूल आला. टोकदार खडक. ओरखडा नसलेला राजा. सकाळी उघडा मणी, संध्याकाळी सोन्याचा वेढा.

“अजून एक विचारते,” ती म्हणाली. “चिरलेला मणी कोणी जोडून पुन्हा गळ्यात घातला तर?”

“तर त्याने झेललेले अरिष्ट आत कोंडते. बाहेर पडायला वाट शोधते. घरभर फिरते, याचे नाव त्याला लावते आणि त्याचे याला. नाव न घेतलेली नवी सून अजून घरची नसते, तिला ते शिवत नाही; आणि घरच्यांत फक्त ज्याच्या हाताने जोड लागली त्याला शिवत नाही. त्याला एकट्याला सगळे लख्ख दिसत राहते. तीच त्याची शिक्षा.”

यांचेनने हातातला मणी मातीवर ठेवला आणि म्हटले, “तुझे काम अजून आले नाही. जा.” मणी वळवळला, नऊ डोळ्यांनी एकदा वळून पाहिले आणि मातीत शिरला.

“एवढे कष्ट करून सोडलास?” कावळा म्हणाला. “तुमच्या माणसांचे डोके मला कळत नाही.”

“मलाही नाही,” यांचेन म्हणाली. “पण खाली जायची जवळची वाट तुला ठाऊक असेल.”

ठाऊक होती. नवव्या दिवशी, दरबार भरला असता, ती राजवाड्याच्या दाराशी पोचली. कपडे मळलेले, हात सोललेले. द्वारपालाने भाला आडवा केला, तिला निरखून पाहिले आणि एकदम पायांवर लोटांगण घातले. “राजमाता! आपण पायी?” शापाचा एवढा एकच उपयोग झाला.

दरबारात राजा सिंहासनावर बसला होता. प्रधान चहा ढवळत होता, स्वयंपाक्या कायदा वाचत होता. राजमाता बाजूला, हातात माळ, चेहरा पांढरा. यांचेनने चहाचा वाडगा घेतला आणि राजापुढे गेली. पण तिने वाडगा त्याच्या हातात दिला नाही. तिने तो त्याच्या गळ्याखाली धरला.

वाफ वर गेली. वाफ मण्याला लागली.

“चहा वर द्या, बाई,” राजा सौजन्याने म्हणाला, “तोंड इकडे आहे.”

“जरा थांबावे, महाराज.”

“सूनबाई!” राजमाता उठल्या. “मागे हो!”

तोवर दरबारात लाखेचा वास पसरला होता. सोन्याचा वेढा घसरला. मण्याचे दोन तुकडे झाले. एक राजाच्या मांडीवर पडला, एक यांचेनच्या तळहातावर.  भर दरबारात, नवव्या दिवशी, राजाचा मणी फुटला!

“अपशकुनी पायाची!” स्वयंपाक्या गरजला.

“नाही,” राजमाता म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की सगळे गप्प झाले. “ती नव्हे. मी. मणी पुलावरच चिरला होता. लग्नाच्या दिवशी राजाच्या गळ्यात फुटका मणी लोक काय म्हणतील? मी घाबरले. मीच लाख वितळवली, मीच वर सोने चढवले. नऊ दिवस माझा मुलगा मला ‘सुतारदादा’ म्हणतो आहे, आणि मला एकटीला सगळे नीट कळते आहे.”

यांचेनने सासूचा हात धरला. “आईसाहेब, मणी चिरला म्हणून तर महाराज उभे राहिले. त्याचे आभार मानायचे राहून गेले, एवढेच.”

वैद्य दाराबाहेर उभाच होता. त्याने खल आणला, अर्धा मणी कुटला. घणाला न फुटणारा दगड खलात साखरेसारखा चुरला गेला. पूड चहात पडली. राजा चहा प्यायला.

प्रथम राजमातेकडे पाहून तो म्हणाला, “आई.” त्या खाली बसल्या आणि रडल्या. मग त्याने प्रधानाकडे पाहिले. “तेनझिनजी, तुम्ही पळी घेऊन काय करता आहात?” प्रधानाने पळीकडे पाहिले आणि ती पाठीमागे लपवली. स्वयंपाक्याने कायद्याचे पुस्तक मिटले आणि भात लागला असेल म्हणून धावत सुटला. सेनापतीने मात्र लोकर पूर्ण विंचरूनच खाली ठेवली.

मग राजाने समोर उभ्या बाईकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मळके कपडे, सोललेले हात, कमरेला डागाळलेले फडके.  सूर्य खिडकीच्या शेवटच्या गजाला टेकला.

“यांचेन,” राजा म्हणाला.

नगारे वाजले. लोकांनी टोप्या उडवल्या. राजा पुढे वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल असे म्हणाला, “खरे सांगू? नावच तेवढे ठाऊक आहे. बाकी तू कोण, मला काही माहीत नाही.”

“मलाही आपण कोण ते माहीत नाही, महाराज,” यांचेन म्हणाली. “मला वाटत होते, तो शापाचाच भाग आहे.”

“नसावा.”

“मग बरे झाले.”

आणि राजाने तिला बसायला गादी दिली. या वेळी स्वतः तिच्या शेजारी बसला.

मण्याचा उरलेला अर्धा भाग दोघांनी आणि राजमातेने मिळून बर्फाच्या पुलापाशी मातीला दिला. तिथे पुढे उन्हाळ्यात पाच डोळ्यांचा एक किडा दिसू लागला, कोणी त्यावर वस्त्र टाकत नाही. तेव्हापासून त्या राजवाड्यात नव्या सुनेने पहिले नऊ दिवस वाटेल ते विचारावे, आणि विचारले ते सर्वांनी सांगावे, अशी रीत पडली. लाल चोचीचा कावळा म्हणतो, ती रीत त्याने सुचवली. त्याचे कोणी मनावर घेत नाही.

मणी मातीत गेला, माणसे जागेवर आली, राज्य शहाणे झाले. फक्त पायाखालच्या ढगांतून पाऊस कोणावर पडतो, ते तेवढे वर अजून कोणाला ठाऊक नाही. यांचेनला ठाऊक आहे. तिचे माहेर खाली आहे.